समारंभासाठीं स्कॉच व्हिस्कीची निवड

२०१७ सालीं स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलांत एका पाहुण्यानें व्हिस्कीच्या एका पेल्यासाठीं सुमारें दहा हजार स्विस फ्रँक मोजले. बाटलीवर मॅकॅलन १८७८ अशी अक्षरें होतीं. पुढें शंका निघाली आणि नमुना शास्त्रज्ञांकडे गेला. किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षेवरून ती व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२ च्या दरम्यानची असावी असें ठरलें; शिवाय ती निव्वळ माल्ट नसून माल्ट व इतर धान्याची व्हिस्की यांचें मिश्रण निघाली. हॉटेलवाल्यांनीं पैसे परत केले. मुलाच्या यशाप्रीत्यर्थ किंवा स्नेह्याच्या निरोपासाठीं एक चांगली बाटली आणूं इच्छिणाऱ्या गृहस्थासहि, लहान प्रमाणावर कां होईना, हाच धोका असतो.

स्कॉच हें नांव वाटेल त्या मद्यास लावतां येत नाहीं. ती स्कॉटलंडमध्यें गाळलेली आणि तेथेंच ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षें मुरलेली असली पाहिजे. तिच्यांत मद्यार्क शेंकडा ४० हून कमी असतां कामा नये. पाणी आणि साधा कॅरमेलचा रंग यांपलीकडे तिच्यांत कांहीं मिसळण्याची मुभा नाहीं. म्हणजे रंग घालण्याची मुभा आहे! तेव्हां रंग गडद म्हणून व्हिस्की जुनी, हा तर्क सोडलेला बरा. भारतांत व्हिस्की म्हणून खपणाऱ्या पुष्कळ स्वस्त मद्यांचा पाया उंसाच्या मळीचा असतो; तीं युरोपांत त्या नांवानें विकतां येत नाहींत.

‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच भट्टींत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पात्रांत गाळलेली व्हिस्की. ‘सिंगल’ हा शब्द भट्टीविषयीं आहे, पिंपाविषयीं नव्हे. ईनीअस कॉफी यानें १८३० सालीं अखंड चालणाऱ्या उभ्या यंत्राचें पेटंट घेतल्यावर इतर धान्यांची हलकी व्हिस्की विपुल होऊं लागली, आणि तिच्याशीं माल्ट मिसळून ‘ब्लेंडेड’ व्हिस्की जन्मास आली. ही खरी व्हिस्कीच नव्हे, असा वाद एवढा विकोपास गेला कीं १९०५ सालीं लंडनच्या इझ्लिंग्टन भागांत विक्रेत्यांवर खटले भरले गेले. अखेर १९०९ सालीं रॉयल कमिशननें दोहींसहि व्हिस्की म्हणून मान्यता दिली. ब्लेंडेड म्हणजे हलक्या प्रतीची, हा ग्रह मात्र अजून गेलेला नाहीं. उत्तम ब्लेंड साधण्यास मोठें कसब लागतें, आणि नानाविध रुचींच्या मंडळींत ती पुष्कळदां अधिक शोभून दिसते.

आतां वयाचा आंकडा. बाटलीवर १२ असें छापलें असेल तर आंतील सर्वांत कोवळी व्हिस्की बारा वर्षांची आहे, एवढाच त्याचा अर्थ. हें वय पिंपांतलें. कांचेंत व्हिस्की मुरत नाहीं. कपाटांत वीस वर्षें जपलेली बारा वर्षांची बाटली बारा वर्षांचीच राहते. पिंपांतून दरसाल शेंकडा सुमारें दोन भाग उडून जातो. त्यास तिकडे ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात. गोव्यांतहि आज जवाची सिंगल माल्ट तयार होते. तेथील उष्म्यांत हे देवदूत फारच तहानलेले असतात आणि मुरण्याची क्रियाहि झपाट्यानें होते. म्हणून तिच्या वयाची तुलना स्कॉचशीं करणें व्यर्थ आहे. स्कॉचच्या बाबतींतहि दीर्घ काळानें लांकडाची चव इतर सर्व चवींवर मात करूं शकते. बारा ते अठरा वर्षांपलीकडे वाढणारी किंमत बरीचशी दुर्मिळतेची असते.

खरी निवड करावयाची ती रुचीची. आयला बेटावरील लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या व्हिस्कींसाठीं भिजवलेलें जव पीट नांवाच्या दलदलींतील जळणाच्या धुरावर वाळवितात. पावसाळ्यांत ओल्या लांकडांवर पेटविलेली चूल आणि दवाखान्यांतील आयोडिन यांची एकत्र आठवण व्हावी, असा त्यांचा गंध! ज्यास तो आवडतो, त्यास दुसरें कांहीं रुचत नाहीं. नवख्या पाहुण्यापुढें मात्र ती ठेवूं नये. स्पे नदीच्या खोऱ्यांतील ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक या सौम्य आहेत. अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपांतून व्हॅनिला व मधाची छटा येते. शेरीच्या पिंपांतून मनुका, अंजीर, सुकामेवा. ग्लेनफार्क्लास ही या दुसऱ्या जातीची. ज्याच्या सन्मानार्थ बैठक आहे त्याची आवड माहीत नसेल, तर शेरीच्या पिंपांतील बारा-पंधरा वर्षांची स्पेसाइड व्हिस्की सहसा दगा देत नाहीं. शक्य तर आधीं छोटी बाटली आणून चव पाहावी.

महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास व पिण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवाना लागतो, तो यजमानानें अगोदर काढावा. तिखट जेवणाबरोबर नाजूक माल्ट वायां जाते. ती जेवणाआधीं किंवा नंतर द्यावी. तोंडाशीं निमुळता होणारा पेला आणि पाण्याचे चार थेंब पुरेत. बर्फानें सुगंध दबतो. बाटली उभीच ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र मद्यार्कानें बूच खराब होतें. आणि एकदां फोडलेली बाटली निम्म्याखालीं गेल्यावर फार दिवस शिल्लक ठेवूं नये.