शिबिरानंतरचा पाय

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ मध्ये, डी. आर. मेहता यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. १९६९ मधील अपघातात त्यांचा स्वतःचाच पाय जेमतेम वाचला होता. समितीकडून विनामूल्य मिळणारा ‘जयपूर फूट’ लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलातही उतरता येते. अकलूजच्या ऊसपट्ट्यात याचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु पाय बसविला म्हणजे सेवा संपली असे नव्हे. तुटलेल्या पायाचा उरलेला भाग कालांतराने आक्रसतो, वाटी सैल होते, घर्षणाने जखमा होतात. मुलांची तर वाढच थांबत नाही. मग तो पाय माळ्यावर जातो. सोलापूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर. मजुरी बुडवून जाणार कोण? आपल्या दानाला शिबिराचा मांडव दिसतो, दुरुस्तीचा खर्च दिसत नाही. समाजाचे सभागृह महिन्यातून एक दिवस तंत्रज्ञासाठी उघडावे आणि पाय मिळालेल्या प्रत्येकाची नोंद उधारीच्या खात्याइतक्याच काळजीने ठेवावी. आपल्या दुकानाच्या पायऱ्या त्याला चढता येतात का, हेही मालकाने गादीवरून उतरून पाहावे.