तयार भिंती आणि हप्त्यांचे घरकुल

बीड जिल्ह्यात घर बांधण्याचा मुहूर्त पंचांगापेक्षा साखर कारखान्यांची धुराडीच अधिक ठरवितात. दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. बांधकामाला उरतात ते मृगापूर्वीचे दोनेक महिने. टंचाईच्या वर्षी याच दिवसांत गावोगाव टँकर फिरत असतात. पिण्याला घागरभर पाणी नाही, तेथे विटांच्या भिंतींवर आठवडाभर पाणी कोण मारणार?

कारखान्यात घडविलेल्या उष्णतारोधक भिंती हा यावरचा एक उपाय म्हणून पुढे येतो. 1 जानेवारी 2021 रोजी पायाभरणी झालेल्या केंद्राच्या सहा 'लाइट हाऊस' प्रकल्पांपैकी इंदूरच्या 1,024 घरांसाठी याच जातीच्या भिंती निवडल्या गेल्या. सिमेंटच्या दोन पातळ फळ्या आणि मध्ये सिमेंट, वाळू, राख व थर्माकोलच्या दाण्यांचे हलके मिश्रण, अशी त्यांची घडण. त्यांना ना पाणी मारावे लागते, ना महिनोन् महिने राबावे लागते. शिवाय त्या हलक्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंतींनी व मातीच्या जड माळवदांनी घेतलेले बळी ज्यांना आठवतात, त्यांना या गुणाचे मोल सांगावयास नको.

मात्र जागेवर वाचणारा वेळ आधी कागदावर खर्चावा लागतो. दारे, खिडक्या, विजेच्या नळ्या यांच्या जागा मागणीपूर्वीच ठराव्या लागतात. जोते दोन बोटे चुकले तर गवंडी वीट फोडून जुळवून घेतो; तयार फळी तशी जुळत नाही. एकट्या घराला मालमोटारीचे भाडेही परवडणार नाही. गावातील वीस घरांची मागणी एकत्र केली, तरच ते वाटले जाईल.

खरी गाठ हप्त्यांची आहे. 2016 च्या ग्रामीण आवास योजनेने सपाट प्रदेशातील घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरविले, तेही काम सरकेल तसतसे देण्याचे. विटा थोड्याथोड्या, प्रसंगी उधारीवर आणता येतात. तयार भिंतींचे पैसे बहुधा आगाऊच मोजावे लागतात. ऊसतोड मजुराला ठाऊक असलेली आगाऊ रक्कम एकच, मुकादमाची उचल; तिच्यावर उभे राहिलेले घर पुढचा हंगामही गहाण टाकते.

म्हणून पावसाचे पाणी विहिरीत असतानाच, दसऱ्याच्या आत जोते पुरे व्हावे, ते तपासून भिंतींचा हप्ता शासनाने थेट कारखान्याकडे वळवावा, आणि कुटुंब फडात असताना फळ्या तयार व्हाव्यात. पाडव्यानंतर उभारणीला मग काही दिवस पुरतील. मात्र ती जाणणारे मिस्त्री तालुक्यातच तयार करावे लागतील.