भिंतीवरचे नाव

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की टोकावडे मागे पडते, पुढे वैशाखरे लागते आणि तिथून नाणेघाटाची वाट वर चढते. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नर आणि पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, याचा आकड्यांसकट हिशेब दगडात कोरलेला आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचे फारसे काही उरलेले नाही, पण डोक्यावर कोरलेली नावे वाचता येतात : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, कुमार, महारठी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावे म्हणून केलेली ही भिंत आहे. ज्याच्या छिन्नीने ही अक्षरे उमटली त्याचे नाव मात्र तिच्यावर कुठेच नाही.

घाट उतरून मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतली गावे बघत गेले, तर आजच्या भिंतींवरही हाच हिशेब दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींना आपण ‘बोलक्या भिंती’ म्हणतो. त्यांच्यावर बाराखडी असते, पाढे असतात, शरीराचे अवयव असतात, आणि एखाद्या भिंतीवर तारपा नाचाचे पांढरे कडे हमखास असते. खाली योजनेचे नाव, निधीचे वर्ष, सौजन्य कोणाचे ते. चित्र काढणाऱ्याचे नाव क्वचितच. तालुक्याच्या गावातला हा पेंटर दुकानाची पाटी लिहितो, ट्रकच्या मागे अक्षरे काढतो, देवळाच्या कमानीला रंग देतो, ग्रामस्वच्छता अभियानाच्या घोषणा आणि निवडणुकीतली चिन्हे रंगवतो. फ्लेक्स आल्यावर त्याचे पाट्यांचे काम बरेचसे गेले. उरल्या त्या भिंती. त्याने पहिल्या वर्षी काढलेला माणूस आणि दहाव्या वर्षी काढलेला माणूस यांत काय फरक पडला, हे कोणी पाहून ठेवलेले नाही, कारण मधल्या काळात त्याच्याच चित्रावरून दुसऱ्या योजनेचा हात फिरलेला असतो.

एखादा भिंत-चित्रकार कसा वाढत गेला याचा माग काढायचा असेल, तर याच भागातला एक माणूस असा आहे की ज्याचा माग लागतो. त्यासाठी उत्तरेला डहाणूपर्यंत जावे लागते. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ती वाट ठाणे जिल्ह्यातलीच होती. त्या दिवशी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, पालघर आणि वसई हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले, आणि शहापूर, मुरबाड ठाण्यात राहिले. वारली, महादेव कोळी, क ठाकूर, म ठाकूर, कातकरी यांच्या पाड्यांना ही सीमा माहीत नव्हती. सोयरिकी आणि बाजार तिच्या आरपार चालतात. पण ‘वारली चित्र’ म्हटले की सगळ्यांचे बोट आता पालघरकडे वळते, आणि शहापूर-मुरबाडच्या भिंतींकडे कोणी बघत नाही.

वारली घराची भिंत मुळात कारवीची. डोंगरउतारावरची कारवी तोडून आणायची, तिच्या काठ्या उभ्या लावून कूड बांधायचा, वरून माती आणि शेणाने लिंपायचे. लग्न ठरले की त्यावर गेरूचा हात फिरतो आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून सवाशिणी चौक लिहू लागतात. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. चौकोनाच्या आत पालघट देवी, बाहेर झाडे, माणसे, वाजंत्री, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस उभा राहतो. सूर्य-चंद्र वर्तुळात, डोंगर आणि झाड त्रिकोणात. चौकोन मात्र निसर्गात कुठे सापडत नाही, तो माणसाने आखलेला, देवीसाठी राखलेला.

लग्न झाले की त्या भिंतीची देखभाल कोणी करत नाही. धूर बसतो, पाऊस लागतो, पीठ झडते, भिंत पुन्हा सारवली जाते. पुढच्या लग्नात नवा चौक. त्याच बायका, किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली. त्यामुळे एकाच भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चित्र होत राहिले तरी एकही जुने चित्र उरले नाही. हात मात्र घटत गेला. हे चित्र टिकण्यासाठी नव्हतेच, ते पुन्हा काढण्यासाठी होते. मला या परंपरेतली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

या लग्नालाच एक काळी बाजूही होती. सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटतच नसे. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथून हा आवाज उंबरगाव, डहाणू, तलासरीत पोचला, आणि किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. चौकाचे फोटो छापणाऱ्या गुळगुळीत पुस्तकांत हा इतिहास सहसा नसतो. पण ज्या लग्नासाठी भिंत पांढऱ्या रेघांनी भरली, त्याच लग्नापायी भिंतीमागचे घर गहाण पडत होते, हे विसरून ती रेघ समजत नाही.

ज्याचा माग लागतो तो माणूस म्हणजे जिव्या सोमा म्हशे. त्यांचा जन्म 1934 चा. लहानपणीच आई गेली, मुलाचे बोलणे जवळजवळ थांबले, आणि तो धुळीत बोटाने चित्रे काढू लागला. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्यांचे आयुष्य गेले. चौक लिहिणे बायकांचे काम. जिव्या लग्नाची वाट न बघता, मनात येईल तेव्हा, रोज काढू लागले. पुरुषाने आणि विधीशिवाय काढलेले हे चित्र त्या पाड्यावर नवलाचेच होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथे पोचले. हे मराठी चित्रकार आधी बिहारमधल्या दुष्काळात मधुबनीला गेले होते. हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून त्यांनी तिथल्या बायकांना कागद दिला, म्हणजे भिंतीवरचे चित्र विकता येईल आणि घरात धान्य येईल. तोच प्रयोग त्यांनी वारली पाड्यांवर केला. ते शोधत होते चौक लिहिणाऱ्या बायका, आणि त्यांना भेटले जिव्या. 1975 मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत जिव्यांचे प्रदर्शन झाले, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. 2003 मध्ये जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या यांचे एकत्र प्रदर्शन भरले. चालत जायचे आणि दगड, माती, पाऊलवाट यांतूनच काम उभे करायचे, ही लाँगची रीत. तो डहाणूत येऊन राहिला, तिथल्या जमिनीवर त्याने काम केले. 2009 मध्ये जिव्यांना प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. मे 2018 मध्ये ते गेले. बाळू आणि सदाशिव ही त्यांची मुलेही चित्रकार.

पुरस्कारांची ही यादी सगळीकडे मिळते. मला त्यांच्या कामात झालेला बदल जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो डोळ्यांनी तपासता येतो, कारण त्यांची चित्रे सहीसकट उरली आहेत. चौकाला मध्य असतो, देवी तिथे बसते. जिव्यांच्या मोठ्या चित्रांत हा मध्य हळूहळू सुटत जातो. मासे धरण्याच्या जाळ्याची त्यांची चित्रे बघा. शेणाने सारवलेल्या कापडावर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी पसरत जाते आणि जवळपास सगळे चित्र व्यापते. तिच्यापुढे माणूस नखाएवढा. रेघ सलग नसून छोट्या छोट्या तुकड्यांची, त्यामुळे स्थिर जाळेही हलल्यासारखे दिसते. मुंग्यांची रांग, उडणारे थवे, तारप्याभोवती वळत जाणारी माणसे, सगळ्यांत ही थरथर आहे. विधीच्या चौकटीत शिकलेला हात चौकट सोडल्यावर कुठवर गेला, हे एका माणसाच्या चाळीसेक वर्षांच्या कामात दिसावे असे उदाहरण आपल्याकडे विरळा.

याची एक किंमतही पडली. कागद आला तसा पैसा आला, आणि पैशाबरोबर कुंचला बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेला. ज्या सवाशिणींनी ही भाषा घडवली त्यांची नावे इतिहासात उमटली नाहीत. यशोधरा दालमिया यांनी वारल्यांवरच्या 1988 च्या आपल्या पुस्तकात विधी आणि चित्र यांचे नाते तपशिलाने नोंदवले, म्हणून निदान चौकाची रीत तरी वाचायला मिळते. जिव्या थोर होतेच. पण त्यांच्या आधीच्या हातांना कोणी नाव विचारले नाही, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

गंजाडमधले काम जिव्यांपुरते थांबले नाही. 2013 च्या सुमारास एका जपानी संस्थेने आपला ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ बिहारहून गंजाडला आणला आणि शाळेच्या भिंती चित्रकारांपुढे ठेवल्या. युसुके असाई हा जपानी चित्रकार स्थानिक माती, शेण, राख यांनी भिंती भरतो. त्याच उपक्रमात गावचे तरुण वारली चित्रकारही होते. मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ त्याच गावचे. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर जे केले ते तर मला या परंपरेतले सगळ्यांत धाडसी पाऊल वाटते. गिल यांनी गावाच्या परिसराची छायाचित्रे घेतली, अनेकदा वांगड त्यांत स्वतः उभे. मग त्या छायाचित्रावर वांगडांनी जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते काढले : इथे पूर्वी कोणते रान होते, कोणता देव होता, पूर कुठवर आला, दुष्काळात काय झाले, शहर कसे वाढत आले. ही चित्रे 2017 मध्ये डॉक्युमेंटा या जागतिक प्रदर्शनात पोचली. त्यांत तारपा आहे, आणि तारप्याच्या आसपासचे नाहीसे झालेले जंगलही आहे.

आता शहापूर-मुरबाडच्या भिंतीकडे परत बघू. तिथल्या तारप्याच्या कड्यात गावचे काय आहे? शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचे पाणी इथून जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे रोजच्या बोलण्यात आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि शाळेचा पट रिकामा होतो. मुरबाड तालुक्यात म्हसा गावची जत्रा भरते, तिथे बैलांचा बाजार असतो, घोंगड्या असतात. सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल इंग्रजांच्या गोळीने पडले. माहुलीचे सुळके आसनगावच्या फलाटावरून दिसतात. यांतले बहुतेक काही भिंतीवर येत नाही. येते ते डहाणूच्या चित्राची नक्कल केलेल्या चित्राची नक्कल : मधल्या देवीविना चौक, शेताविना नाच. पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला चौरस फुटाने पैसे मिळतात, नमुना वरून येतो, आणि मुदत शाळा उघडण्याआधीची असते.

भिंत स्वतःही बदलली. घरकुल योजनांतून कुडाच्या जागी विटा आणि सिमेंट आले. पावसाळ्यात अंगावर घर कोसळण्याची भीती गेली, हे चांगलेच झाले. पण गेरू आणि पीठ कुडावरच्या शेणमातीत जसे मुरते तसे सिमेंटच्या गिलाव्यावर बसत नाही, भुकटी होऊन निघते. मग प्रायमर, इमल्शन, ऑइल पेंट. पिठाची रेघ दरवेळी नव्याने काढावी लागे. ऑइल पेंटची रेघ वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून कोणी परत काढायला येत नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने वस्तू विकताना नावाचे रक्षण होते. शाळेच्या भिंतीवर कोण, कधी, काय काढेल, याला त्याचा काही उपयोग नाही.

माझी मागणी साधी आहे आणि तिला फार निधी लागत नाही. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या आश्रमशाळा आहेत, दोन्ही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. प्रत्येक शाळेने एक भिंत ऑइल पेंटपासून मोकळी ठेवावी, तिच्यावर मातीचा गिलावा करावा, गावातल्या चौक लिहिणाऱ्या बाईला आणि तालुक्याच्या पेंटरला तिथे एकत्र बोलवावे, आणि मजुरी चौरस फुटाऐवजी दिवसावर द्यावी. भातकापणी संपली, खळी आटोपली, की तीच माणसे त्याच भिंतीवर दरवर्षी परत यावीत. जुने चित्र पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि शाळेच्या नोंदवहीत चार गोष्टी लिहाव्यात : तारीख, भिंत कोणती, काय काढले, कोणी काढले. विषय वरून पाठवू नये. भट्टीवरून परतलेल्या मुलीला भट्टी काढायची असेल तर ती काढू द्यावी, टँकर काढायचा असेल तर टँकर. आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आज निधीचे नाव असते, तिथे काढणाऱ्या बाईचे पूर्ण नाव आणि पाड्याचे नाव लिहावे.