अंगणातील गाडी खरी कशी दिसेल?

नागपूर जिल्ह्यात कामठी आणि कन्हान या स्थानकांच्या मध्ये गाडी कन्हान नदीचा पूल ओलांडते. समजा, नदीकाठी उभे राहून कोणी या पुलावरील गाडीचे छायाचित्र घेतले आहे. अंगणात छोटी रेल्वे मांडून हुबेहूब तसेच छायाचित्र घ्यायचे, असा छंद जगात अनेकांना आहे. पण इंजिन कितीही बारकाईने केलेले असो, पहिले चित्र पाहताच कोणीही म्हणतो, ‘हे तर खेळणे!’ हे डोळ्यांना कसे कळते?

आधी प्रमाण ठरवू. आपल्या ब्रॉडगेज रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. अंगणातल्या रेल्वेत ते बहुधा ४५ मिलिमीटर ठेवतात. भागाकार केला की सुमारे ३७ येतात. म्हणजे आपले सारे जग ३७ पटींनी लहान झाले; छायाचित्रकारसुद्धा! तो पुलापासून ७४ मीटरवर असेल, तर आपला कॅमेरा २ मीटरवर हवा. त्याचा कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर आपला अवघा ४ सेंटिमीटर. उभ्याउभ्या कॅमेरा रोखणे म्हणजे खऱ्या गाडीकडे ५५ मीटर उंचीवरून पाहणे होय. मग डब्यांचे टपच दिसणार! तेव्हा सरळ जमिनीवर पालथे पडावे.

एवढे केले तरी एक वस्तू लहान होत नाही, ती म्हणजे भिंग. कॅमेऱ्याचे छिद्र १० मिलिमीटर असेल, तर आपल्या छोट्या जगात ते ३७ सेंटिमीटरचे, म्हणजे परातीएवढे ठरते. अशा रुंद छिद्रातून एकाच अंतरावरची वस्तू रेखीव उमटते. जवळचे गवत आणि मागचे डबे धूसर होतात. असा धूसरपणा लहान, जवळच्या वस्तूंच्या चित्रांत असतो, हे आपल्या डोळ्यांना सवयीने माहीत झालेले असते. बिंग फुटते ते येथेच.

मग छिद्रही ३७ पटींनी लहान करू. ते ०.२७ मिलिमीटर होईल. पण प्रकाश क्षेत्रफळाप्रमाणे घटतो, म्हणजे ३७ × ३७ = १,३६९ पटींनी! जे चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागात निघत होते, त्याला आता जवळजवळ दीड सेकंद लागेल. तोवर इंजिन थांबवून ठेवावे लागते. शिवाय इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे २ मीटरवरच्या इंजिनावरील सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तपशील एकमेकांत मिसळतात. इंजिनाचा क्रमांक वाचताच येत नाही! म्हणून छिद्र १ मिलिमीटरच्या आसपास ठेवून तडजोड करतात. आता दुसराही उपाय आहे: वेगवेगळ्या अंतरांवर भिंग जुळवून अनेक चित्रे घ्यायची आणि त्यांतले रेखीव भाग संगणकावर एकत्र करायचे.

वाळूचेही तसेच. कन्हानची रेती विदर्भात बांधकामासाठी प्रसिद्ध आहे. तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कणसुद्धा येथे १८ मिलिमीटरची गिट्टी ठरतो. म्हणून नदीचे पात्र वस्त्रगाळ मातीचे करावे. जाडसर रेती वाया जात नाही. रुळांखाली घालायला गिट्टी म्हणून तीच शोभते. पाणी मात्र ऐकत नाही. पृष्ठताणामुळे त्याचा थेंब लहान होत नाही, म्हणून वारा पडल्यावर परातीतले संथ पाणी वापरणेच बरे.

ऊन मात्र फुकटात अचूक मिळते. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण पुलावर आणि अंगणात सारखेच समांतर येतात. जवळच्या दिव्याच्या उजेडात सावल्या फाकतात. अंगण खोलीपेक्षा सरस ठरते ते यामुळेच.

कन्हानच्या पुलाचे चित्र काठावर जाऊन ताडून पाहता येते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज गाडीचे तसे नाही. ती २०१५ मध्ये बंद झाली, तर नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये. तिथे जुनी छायाचित्रेच हाताशी आहेत. नॅरोगेजचे माप ७६२ मिलिमीटर, म्हणजे त्याच ४५ मिलिमीटरच्या रुळांवर प्रमाण होते सुमारे १७. इंजिने पाहायला नागपुरात मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. पण जुन्या छायाचित्रकाराने कॅमेरा किती उंच धरला होता, हे कसे ओळखावे? सपाट प्रदेशातले चित्र घ्या. दूरची क्षितिजरेषा इंजिनाला जमिनीपासून जितक्या उंचीवर छेदते, तितकीच कॅमेऱ्याची उंची. ती १७ ने भागा आणि तिथे कॅमेरा ठेवा.