चिनी वैद्यकातील उष्णज्वराचा विचार

इ. स. १६४१ च्या सुमारास, मिंग राजवटीच्या अखेरीस, चीनच्या अनेक प्रांतांत तापाची भीषण साथ पसरली. ज्वर थंडीच्या बाधेने होतो, या प्राचीन ग्रंथातील मताला अनुसरून तेथील वैद्य उष्ण गुणाची औषधे देऊन घाम काढीत. या साथीत तो उपाय निष्फळ ठरला. पुष्कळदा रोग्याची प्रकृती अधिकच खालावे. हे पाहून वू यौ-शिंग या वैद्याने १६४२ मध्ये निराळा सिद्धान्त मांडला. साथीचा ज्वर नाकातोंडावाटे शिरणाऱ्या विशिष्ट दूषित तत्त्वामुळे होतो आणि प्रत्येक रोगाचे तत्त्व वेगळे असते, असे त्याचे म्हणणे होते. रोगजंतूंचे ज्ञान नसताना केलेला हा तर्क लक्षणीय म्हटला पाहिजे.

पुढे सुचौ येथील ये तिएन-शी (१६६७–१७४६) याने उष्णज्वराच्या चार पायऱ्या वर्णिल्या. पहिल्या पायरीत ताप, किंचित हुडहुडी व खोकला असतो. दुसरीत हुडहुडी जाऊन तीव्र ताप, घाम व अतिशय तहान लागते. जिभेवर पिवळा थर येतो. तिसरीत रात्री ताप वाढतो, रोगी अस्वस्थ होतो, जीभ गडद लाल होते. चौथीत रक्तस्राव व वात होतो. पहिल्या पायरीवर सौम्य शीतल वनस्पती, तर दुसरीवर जिप्सम हे खनिज देत. चौथीवर गेंड्याचे शिंग वापरीत. चीनने १९९३ मध्ये त्याच्या व्यापारावर बंदी घातल्यापासून त्याऐवजी म्हशीचे शिंग घेतात. उन्हाळ्याच्या बाधेचा या परंपरेत स्वतंत्र विचार असून तीवर कलिंगड व मुगाचे पाणी सांगितले आहे.

तथापि या पायऱ्या म्हणजे लक्षणांचे गट होत, रोगाची कारणे नव्हेत. दुसऱ्या पायरीची लक्षणे हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया यांपैकी कशातही दिसू शकतात. तेथे तपासणीवाचून निदान होत नाही. थू यौ-यौ यांना चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथातून हिवतापावरील वनस्पतीचा धागा मिळाला. परंतु १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हाती आले ते प्रयोगशाळेतील परिश्रमांनी. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उष्माघाताच्या बाबतीत तर विलंबास वावच नाही. उन्हात काम करणाऱ्याचे अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ते चालू ठेवूनच रुग्णालयात हलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही, कलिंगडाचा रससुद्धा, देऊ नये.