सुरम्याची नजर, शिशाविना

चाँदरातीला मेंदी, बांगड्या, अत्तराबरोबर घरोघरी सुरमेदानीही निघते. हदीसमध्ये उल्लेख असलेला इस्मिद अँटिमनीचा दगड मानला जातो; बाजारातला सुरमा मात्र अनेकदा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक.

तीच धूसर नजर मुली आता मॅट आयशॅडोने साधतात. आधी पापणीच्या घडीत फिकट तपकिरी, मग पापणीभर गडद तपकिरी, शेवटी पापणीच्या केसांलगतच काळा. मॅट रंगाचे डाग चटकन दिसतात. म्हणून ब्रश झटकून थोडाथोडा रंग लावावा, कडा धुरासारख्या विरेपर्यंत फिरवावा.

दादीची सुरमेदानी आठवण म्हणून जपावी. ईदच्या सकाळी चिमुकल्यांचे डोळे स्वच्छ पाण्याने धुतले, तरी पुरेसे सुंदर दिसतात.