एका रकान्यात बुडालेली बोली

सांताक्रूझच्या पूर्वेस, विमानतळ आणि मुंबई विद्यापीठाचे आवार यांच्या शेजारी कलिना ऊर्फ कोलेकल्याण हे जुने गाव आहे. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा ही मराठीचीच एक बोली होय. या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, घेतले. बोली त्याहून पुष्कळ जुनी. १५३४ पासून सुमारे दोनशे वर्षे साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात धर्म बदलला, आडनावे बदलली. पण लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणताना बायकांच्या ओठी मराठी गाणीच राहिली.

ही बोलीही सर्वत्र एकसारखी नाही. कोळीवाड्यातली निराळी, शेतकरी गावठाणातली निराळी. खाडीपलीकडे वसईत सामवेदी आणि वाडवळी आणखी वेगळ्या. विशेष म्हणजे सामवेदी ऊर्फ कादोडी ही वसईतील ख्रिस्ती आणि ब्राह्मण अशा दोन्ही समाजांची घरची भाषा आहे. बोलीची सीमा धर्माच्या सीमेवरून जात नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

परंतु सरकारदरबारी या विविधतेचा मागमूस फारसा उरत नाही. २०११ च्या जनगणनेत मातृभाषांच्या १९,५६९ नोंदी आल्या. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी १२१ भाषा. दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांची बोली ‘इतर’ या रकान्यात जाते. ज्यांनी आपली भाषा केवळ ‘मराठी’ अशी सांगितली, त्यांची बोली तर सव्वाआठ कोटींच्या बेरजेत नाहीशीच होते.

वसईत मराठी शाळा आणि मराठी उपासना यांचा बोलीला आधार मिळाला. तेथूनच आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उपनगरांतील गावठाणांत मात्र इंग्रजी शाळेने नातवंडांची भाषा बदलली आणि आजीचे बोलणे आजीपाशीच थांबले.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो गौरव ग्रंथांपुरताच मानला, तर अपुरा ठरेल. भाषाशास्त्राचे विद्यार्थी कलिन्यातच शिकतात; म्हाताऱ्या माणसांची गाणी, म्हणी, शेतीचे आणि स्वयंपाकघरातले शब्द ध्वनिमुद्रित करण्यास त्यांना दूर जावे लागणार नाही. आणि प्रगणक दारी येईल, तेव्हा आपल्या बोलीचे नाव नि:संकोच सांगणे, एवढे तरी प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.